एका पंपाला किती झाकणं? विदर्भातल्या खेड्यात डिझाइन रिसर्चची इंटर्नशिप करताना

डिझाइन रिसर्च इंटर्न म्हणजे नक्की काय, हे मला घरी कधीच धड सांगता आलं नाही. आईनं शेजारच्या काकूंना परस्पर सांगून टाकलं, "सर्व्हे करते." चार वर्षं झाली, अजून तेच चालू आहे. सर्व्हेत प्रश्न आपले असतात आणि उत्तरांचे रकाने आधीच आखलेले असतात. या कामात, म्हणजे एखादी वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्यांना जवळून समजून घेताना, आपला प्रश्नच चुकीचा निघेल असं धरून गावात जायचं असतं. हे समजायला माझे पहिले दोन महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं माझ्या पहिल्या प्रोजेक्टची आहेत. पुण्यातला एक छोटा स्टुडिओ होता आणि विषय होता कपाशीवरची फवारणी. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. आमच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय काम करायचं ते सांगणाऱ्या कागदात, एकच वाक्य होतं: "शेतकऱ्यांसाठी सुरक्षित फवारणीचं माहितीकार्ड तयार करणे."

ब्रीफ हातात आलं की

आधी त्यातली नामं खोडून बघा. "शेतकरी" म्हणजे कोण? औषधाची बाटली कृषी केंद्रातून आणतो मालक. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून ते कालवतो त्याचा मुलगा किंवा सालदार. पंप पाठीवर घेतो रोजानं लावलेला माणूस. संध्याकाळी ते कपडे धुते घरातली बाई. एका फवाऱ्यात चार माणसं, आणि ब्रीफमध्ये एकच शब्द. मी हे पहिल्या दिवशी केलं नाही, म्हणून पहिल्या फेरीत सगळ्या मुलाखती मालकांच्याच झाल्या. त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणांनी कित्येक वर्षांत पंप उचललेला नव्हता.

चांगलं ब्रीफ कसं असतं याचा जुना नमुना विदर्भाला फार लांबचा नाही. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किती सूत निघावं हे अटींमध्ये होतंच. त्याशिवाय चरखा हलका आणि उचलून नेता येण्याजोगा हवा, साध्या झोपडीत चालायला हवा, बाईला त्यावर फार न दमता आठ तास काम करता यायला हवं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि तो वीस वर्षं टिकायला हवा, असंही होतं. कोण, कुठे, किती वेळ, किती पैशांत हे सगळं त्यात आलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, हा भाग वेगळा. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयात जुने चरखे बघून या, तासाभराचं काम आहे.

निघण्याआधी विषयाची तोंडओळख करून घ्या. आमच्या विषयासाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र ही ठिकाणं होती. कृषी विज्ञान केंद्रात अर्धा दिवस बसलात तरी निम्मे बावळट प्रश्न तिथेच विचारून संपतात.

तारखा

कॉलेजवाल्या इंटर्नशिप मे महिन्यात सुरू होतात. विदर्भासाठी याहून वाईट मुहूर्त नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पाऊस लागला की पेरणी. त्या पंधरा दिवसांत कुणाच्या दारात वही घेऊन उभं राहणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. शक्य असेल तर वाचन आणि तयारी मे-जूनमध्ये उरकून फिल्ड जुलैअखेरीला ढकला. फवारणीचा विषय असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, वेचणीचा असेल तर दिवाळीनंतर. सोयाबीन काढणीत जाऊ नका, पोळ्याच्या आदल्या दिवशीही नाही. पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र लोक घरी आणि मोकळे सापडतात.

दिवसाचंही गणित आहे. ओलीतवाल्या गावात त्या आठवड्यात विजेची लाईन रात्रीची आहे की दिवसाची, ते आधी विचारा. रात्रीची असेल तर माणूस पहाटेपर्यंत मोटरीजवळ असतो आणि सकाळी नऊ वाजता तुम्ही त्याला झोपेतून उठवता. वरून तो चहा पाजतो, म्हणजे आपल्याला कळतही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गाव रिकामं असतं. मी एकदा तीस किलोमीटर जाऊन फक्त दोन म्हातारे आणि एक लंगडी शेळी बघून परतले आहे.

जाण्यायेण्याला एसटी किंवा काळी-पिवळी. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलींनो, स्टुडिओला प्रवासाचा अंदाज त्या हिशेबानं द्या आणि वाचलेल्या पैशांत एक मुक्काम वाढवून मागा. मुक्काम फार मोलाचा. लोक खरं बोलतात ते रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून. शेवटच्या गाडीकडे डोळे लावून बसलेल्या पाहुणीला कुणी काही सांगत नाही.

गावात शिरताना

सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, पण त्यांच्याबरोबर घरोघर फिरू नका. सरपंच सोबत असले की गावात सगळं उत्तम चाललेलं असतं. आशाताई किंवा बचत गटाच्या ताई सोबत असल्या तर दारं लवकर उघडतात. पण त्यांच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं आहेत, तेव्हा त्यांच्या वेळेचं मानधन ब्रीफच्या बजेटमध्ये सुरुवातीलाच धरायला सांगा. गडचिरोलीत कुठे जात असाल तर परवानगी ग्रामसभेची. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही मेंढा (लेखा) गावाची घोषणा भिंतीवर रंगवण्यापुरती नाही, तिथले निर्णय खरोखरच सगळ्यांच्या सहमतीनं होतात. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा.

भाषेचंही आधीच बघा. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी आणि बंजारा, भामरागडला माडिया. दुभाषी हवा असेल तर फॉरेस्ट गार्ड किंवा मास्तर घेऊ नका, त्यांच्यासमोर लोक परीक्षेला बसल्यासारखे बोलतात. शिकायला बाहेर गेलेली गावातलीच मुलगी सुट्टीत आली असेल तर तिला विचारा, आणि तिचं नाव रिपोर्टमध्ये संशोधक म्हणून लिहा.

कागदाचं सांगते. स्टुडिओ तुम्हाला दोन पानांचं संमतिपत्र देईल. सही म्हटली की लोकांना कर्ज, सातबारा आणि भावकी आठवते. आम्ही संमती तोंडी घ्यायला लागलो: कोण आहोत, काय विचारणार, रेकॉर्डिंग कोण ऐकणार, मधेच "पुरे" म्हणता येतं, आणि याच्यातून कोणतीही योजना, अनुदान मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा म्हणा. पाठीला बॅग असलेला माणूस सरकारचाच, असा समज असतो. आधार कार्ड, पासबुक, सातबारा यांचे फोटो काढू नका, कुणी स्वतःहून पुढे केले तरी. आणखी एक मोह आवरा: घरात मोबाईल चालवणारा नववी-दहावीतला पोट्टाच असतो आणि तो छान बोलतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतली सगळी मुलंच धरली आहेत. आईवडिलांची परवानगी घ्या आणि बोलताना त्यांना तिथेच बसू द्या.

वेळेचा मोबदला द्यायचा की नाही यावर स्टुडिओत वाद होतात. माझं मत साधं आहे: वेचणीवाली बाई किलोवर पैसे घेते, तिचा तास फुकट घेऊ नका. द्यायला पैसे नसतील तर तिच्या शेजारच्या ओळीत कमरेला ओटी बांधून वेचायला लागा आणि वेचता वेचता बोला. माझी बोटं बोंडांच्या टोकांनी सोलली, दिवसभरात कापूस किती भरला ते सांगत नाही, पण त्या दिवशीच्या नोट्स अजून कामाला येतात.

विचारू नका, दाखवायला सांगा

मी पहिल्या मुलाखतीत विचारलं, "कीटकनाशकाचं प्रमाण कसं ठरवता?" उत्तर आलं, "लेबल वाचून." दुसऱ्यानंही तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. मी खुश. स्टुडिओत फोन करून सांगितलं की लेबल वाचलं जातं, फक्त अक्षर मोठं करायला हवं.

चौथे काका बोलायच्या मूडमध्ये नव्हते, फवारा मारायला निघाले होते. म्हणाले, यायचं तं चाल. धुऱ्यावर त्यांनी बाटली काढली. लेबलावर मातीचा थर. झाकण उघडलं, त्यातच औषध ओतलं, पंपात टाकलं, पुन्हा ओतलं.

"किती टाकता?"

"पंपाले दोन झाकनं. अळी जास्त असन तं अडीच."

"हे कुणी सांगितलं?"

त्यांनी खिशातून बिल काढलं. बिलाच्या मागे दुकानदारानं पेनानं लिहिलं होतं: 2 झा. खरं लेबल ते होतं.

मग रात्री हिशेब मांडला. छापील लेबलावर मात्रा हेक्टरी असते आणि पाणी बऱ्याचदा हेक्टरी 500 लिटर धरलेलं असतं. जमीन मोजतात एकरात. फवारा मोजतात पंपात, आणि पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. समजा मात्रा हेक्टरी 500 मिली आहे. हेक्टर म्हणजे अडीच एकर धरलं तर एकरी 200 मिली आणि पाणी 200 लिटर, म्हणजे साडेबारा पंप, म्हणजे पंपाला 16 मिली. पण एकरी दहाच पंप मारणारा तेवढंच औषध दहांत वाटेल, तर पंपाला 20 मिली. आणि हे सगळं मोजायचं कशानं? झाकणानं. प्रत्येक कंपनीच्या झाकणाचा आकार वेगळा. हेक्टर, एकर, पंप आणि झाकण, एवढ्या चार मापांमधून माणूस मनातल्या मनात वाट काढत असतो. अक्षर मोठं करून यातलं काय सुटणार होतं?

म्हणून मुलाखतीचं मार्गदर्शक टिपण करताना प्रत्येक "कसं करता?" समोर "करताना बघता येईल का?" असं लिहून ठेवा. बघता आलं नाही तर मागच्या वेळचं विचारा. "साधारण काय करता" असं विचारलं की आदर्श उत्तर मिळतं. "परवा मारला तेव्हा बाटली कुठे होती, कोणी उघडली, पाणी कुठून आणलं" असं विचारलं की परवाचा दिवस मिळतो. (बघायला उभं राहायचं ते वारा आपल्या पाठीकडून असेल अशा बाजूला, आणि वावरात काही खायचं नाही. मी तिथे बिस्कीट खाल्लं म्हणून एका सालदारानं मला झापलं होतं. स्वतः मात्र तो उघड्या हातानं काडीनं औषध ढवळत होता.)

बाटलीवर चौकट असते, टोकावर उभी केलेली. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. "हिरवा म्हणजे काय?" असं एकाला विचारलं. "हिरव्या पिकाचं असन." माझ्या वहीतलं हे माझं सर्वांत आवडतं वाक्य आहे. त्यात अडाणीपणा शोधू नका, रंगाचा अर्थ कुणी सांगितलेला नसताना कुणीही असाच तर्क करेल.

आता शब्द. "कीटकनाशक" म्हटलं की पुस्तकी उत्तर येतं, कारण तो शब्दच पुस्तकातला. गावात ते "औषध" असतं, आणि औषध मारतात. एवढं शिकून मी हुशारीनं एका घरी विचारलं, "यंदा औषध कधी घेतलं?" ओट्यावर एकदम शांतता. ज्या बाईंना विचारलं त्या उठून आत गेल्या. शेजारची आजी हळूच म्हणाली, "घेतलं नोको म्हनू वं पोरी. आनलं म्हन." त्या घरात दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला नंतर कळलं. औषध घेणं म्हणजे काय, हे मला मराठी असून सुचलं नव्हतं. तेव्हापासून प्रश्नांची यादी मी त्याच भागातल्या एका माणसाला आधी मोठ्यानं वाचून दाखवते. आणि बाहेरून येणारे विदर्भात आले की आत्महत्येचा विषय पहिल्या दहा मिनिटांत काढतात, तो काढू नका. तुमचं प्रशिक्षण त्याचं नाही. कुणी आपणहून बोललं तर ऐका, रेकॉर्डर बंद करा.

बायकांशी बोलायचं तर

नवरा शेजारी असला की प्रश्न बाईला आणि उत्तर नवऱ्याचं. यावर उपाय म्हणजे दोघांनी जायचं. एकानं नवऱ्याला बैल, भाव आणि राजकारण यांत गुंतवायचं, दुसरीनं चुलीकडे सरकायचं. फवाऱ्याचे कपडे कुठे धुतात, इतर कपड्यांसोबत की वेगळे, धुतल्यावर हाताला काय होतं, रिकाम्या बाटलीचं काय करतात: हे सगळं मला चुलीजवळच कळलं. ब्रीफमध्ये या बायका कुठेच नव्हत्या. टीममध्ये मुलगे तेवढेच असतील तर बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी जा, तीही ताईंना विचारून.

त्याच रात्री लिहा

कितीही दमलात तरी. दुसऱ्या दिवशी तीन मुलाखती झाल्या की कोण काय म्हणालं याची खिचडी होते. मी वहीच्या पानाचे तीन रकाने करते: दिसलं ते, बोलले ते आणि मला वाटलं ते. तिसरा रकाना वेगळ्या शाईनं. "काकांना लेबलाची फिकीर नाही" हे मला वाटलेलं. "लेबलावर माती होती, बिल खिशातून काढलं" हे दिसलेलं. रिपोर्ट लिहिताना पहिल्या दोन रकान्यांवर उभं राहायचं असतं.

बोलणं जसं आहे तसं उतरवा. "असन" चं "असेल" करू नका. स्टुडिओत रिपोर्ट इंग्रजीत जाईल, जाऊ दे, पण मूळ वाक्य त्याच्या शेजारी देवनागरीत राहिलं पाहिजे. भाषांतरात आमच्या "औषध" चं "पेस्टिसाइड" झालं आणि त्या ओट्यावरची शांतता रिपोर्टातून गायब झाली. मी पुन्हा घालायला लावली.

फाइलला माणसाचं नाव देऊ नका, गावाचा संकेत, तारीख आणि क्रमांक पुरे. पॉवर बँक दोन ठेवा. पंख्याखाली रेकॉर्डिंग करू नका, नंतर फक्त पंखाच ऐकू येतो.

भिंत आणि नमुना

परतल्यावर नोंदींच्या सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावून गट पाडायचे, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं असेल, त्यात मी वेगळं काय सांगू. एकच बघा: गटाला "माहितीचा अभाव" असं नाव द्यावंसं वाटलं की हात आखडा. ते नाव आपल्याला फार सोयीचं असतं, कारण मग कार्ड छापलं की काम झालं. आमच्या भिंतीवर त्याच चिठ्ठ्यांचा दुसरा गट जमला, "मोजायला काही नाही". त्यानंतर प्रोजेक्ट कार्डावरून मापाकडे आणि दुकानदाराच्या पेनाकडे वळलं.

तरी कार्ड एकदा करून झालंच होतं, क्लायंटला हवं होतं म्हणून. चकचकीत, लॅमिनेट केलेलं. वाटताना मी विचारलं, "आवडलं का?" सगळे म्हणाले, मस्त आहे. घरी आलेल्या पोरीला वाईट कोण म्हणेल? तीन आठवड्यांनी गेले तर एका घरी ते माठाच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवलेलं. आधी चेहरा पडला, मग वहीत लिहिलं: कार्ड घरात राहतं, वावरात जात नाही, आणि घरातल्या पाण्याजवळ राहतं. कालवणाऱ्याच्या हातात ते कधी पोचलंच नव्हतं. म्हणून चाचणीत मत विचारू नका. वस्तू द्या, एक काम सांगा आणि गप्प बसा. आम्ही पुढे रेघा मारलेले साधे प्लास्टिकचे पेले नेले आणि म्हटलं, एक पंप भरून दाखवा. (त्यात औषधाऐवजी रंगीत पाणी. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.)

पाच माणसांवर चाचणी पुरे, हे वस्तू वापरायला किती सोपी आहे याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं 2000 सालचं म्हणणं इंटर्न लोक फार लवकर पाठ करतात. ते एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांना वस्तू वापरताना कुठे अडतं हे शोधण्यापुरतं आहे. आपल्याकडे एका फवाऱ्यात चार प्रकारची माणसं आहेत हे विसरू नका.

नमुना, म्हणजे वस्तूचं पहिलं कच्चं रूप, माणसाच्या हिशेबानं कसा बेतायचा, ते गडचिरोलीच्या सर्च संस्थेत बघण्यासारखं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या दाईंसाठी श्वास मोजायचं साधं उपकरण केलं: मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाला न्युमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणं अनेक दाईंना जमत नव्हतं. मग दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अवघड मोजणी शिकवत बसण्याऐवजी, त्यांना येत होतं तेवढ्यातच काम बसवलं.

शेवटचा आठवडा

फोनमधली रेकॉर्डिंग स्टुडिओच्या ड्राइव्हवर टाकून स्वतःच्या फोनमधून काढा. आईला व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटोसुद्धा. एसटीची तिकिटं, झेरॉक्सची बिलं तारखेवार लावून द्या. माझे अकराशे रुपये तिकिटं हरवल्यामुळे बुडाले. प्रमाणपत्र आणि केलेल्या कामापैकी काय पोर्टफोलिओत दाखवता येईल याची परवानगी, दोन्ही लेखी घ्या.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना ते छापून द्या. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत स्वस्तात होतात. मी बाजाराच्या दिवशी बाजारातच नेऊन दिले, म्हणजे सगळे एका जागी भेटले. त्या आजींनी फोटो लांब धरून बघितला आणि विचारलं, "मंग, तुहं ते मापाचं झालं का?"

मी म्हटलं, अजून नाही, पुण्यात अडकलंय.

"हाव," म्हणाल्या, आणि फोटो कांद्याच्या पिशवीत सरळ उभा ठेवला, दुमडू नये म्हणून.